क्रिकेटवीर पाळवणकर बाळू

एकोणिसाव्या शतकाचे अखेरचे दशक नुकतेच सुरू झाले होते. पुण्याच्या लष्कर भागातील जिमखान्याच्या मैदानावर रोज सकाळी एक पोरसवदा मुलगा कामाला येत असे. हा जिमखाना गोऱ्या साहेबांचा. तिथे खेळण्याचा अधिकार त्यांचा, आणि मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे, चुन्याच्या रेघा आखण्याचे व सरावाची जाळी उभारण्याचे काम मात्र या मुलाचे. त्याबद्दल त्याला दरमहा चार रुपये मिळत. साहेब लोक फलंदाजीच्या सरावासाठी आले म्हणजे त्यांना चेंडू टाकण्याचे कामही हळूहळू त्याच्याकडे आले. तासन् तास तो चेंडू टाकी. पण बॅट हातात घेऊन पाहा, असे त्याला कोणी सुचविले नाही. फलंदाजी ही मानाची गोष्ट आणि गोलंदाजी ही श्रमाची गोष्ट, अशीच तेथील समजूत होती.

मैदान झाडणारा हा मुलगा म्हणजेच पाळवणकर बाळू. पुढे हिंदुस्थानातील पहिल्या श्रेष्ठ गोलंदाजांत ज्यांची गणना झाली, इंग्लंडच्या मैदानांवर ज्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले, ते हेच. परंतु त्यांची कथा केवळ चेंडूफळीची कथा नाही. ज्या हातातील चेंडू सर्वांना हवा होता, त्याच हाताचा स्पर्श मात्र कोणाला नको होता. अशा समाजात त्या हाताने काय मिळविले आणि काय त्याला अखेरपर्यंत मिळाले नाही, याची ही कथा आहे.

त्या काळी आपल्या देशात क्रिकेट हा खेळ अजून बाल्यावस्थेत होता. इंग्रज सैनिक आणि अधिकारी यांनी तो येथे आणला. एतद्देशीयांपैकी प्रथम तो उचलला मुंबईच्या पारशी समाजाने. १८४८ मध्ये त्यांनी आपला पहिला क्रिकेट क्लब स्थापन केला आणि १८८६ व १८८८ या वर्षी त्यांचे दोन संघ इंग्लंडलाही जाऊन आले. हिंदू तरुण या खेळाकडे वळले ते पारशांच्या पाठोपाठ. त्या वेळचे संघ जातीजमातींचे असत. मुंबईच्या हिंदू क्लबांतही कोठे प्रभू, कोठे गुजराती, कोठे सारस्वत असे वेगवेगळे गट होते. ज्या खेळात अकरा जणांनी एकजीव होऊन खेळायचे, त्या खेळाच्या उंबरठ्यावरही माणसे आपापली जात घेऊनच उभी राहत असत.

बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले. पाळवण या गावावरून त्यांचे आडनाव पाळवणकर असे पडले. ते चर्मकार समाजाचे, म्हणजे त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानले जाई अशांपैकी. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. लष्करी अधिकारी वापरून टाकून देत ते चेंडू आणि बॅटी हीच या घरातील मुलांची क्रीडासामग्री. त्या जुन्या साहित्यावर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांनी या खेळाचे पहिले धडे गिरवले. थोडे मोठे होताच बाळू पारशांच्या एका क्रिकेट क्लबात तीन रुपये पगारावर नोकरीस लागले, आणि तेथून १८९२ च्या सुमारास साहेबांच्या जिमखान्यात आले. तीनाचे चार झाले, एवढाच त्या वेळी या बदलाचा अर्थ होता. पुढे त्यातून केवढे घडणार आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या जिमखान्यात ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी येत. त्या काळच्या गोऱ्या खेळाडूंमध्ये त्यांच्यासारखा फलंदाज विरळा. इतर सभासदांच्या आधी ते मैदानावर हजर होत आणि बाळूकडून चेंडू टाकून घेत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, अशी आठवण सांगितली जाते. महिन्याला चार रुपये मिळविणाऱ्या मुलाला आठ आणे ही लहान रक्कम नव्हती. आठ वेळा गडी बाद केला, की महिन्याचा पगार वसूल! परंतु आठ आण्यांपेक्षा मोठी प्राप्ती निराळीच होती. देशातील उत्तम फलंदाजापुढे दररोज शेकडो चेंडू टाकावयास मिळणे, हे शिक्षण कोणत्याही शाळेत पैसे देऊनही मिळाले नसते. फलंदाज पाऊल कोठे टाकतो, त्याची नजर केव्हा चुकते, कोणत्या चेंडूला तो भुलतो, हे सारे बाळू यांनी निरखले. साहेबांनी आपला खेळ सुधारावा म्हणून त्यांना राबविले. पण त्या राबण्यातूनच ते स्वतः घडत गेले.

बाळू डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी करीत. मंदगती म्हणजे सोपी, असे मात्र कोणी समजू नये. जलद चेंडू फलंदाजाला विचार करण्यास वेळ देत नाही. मंद चेंडू त्याला भरपूर वेळ देतो आणि त्या वेळातच फसवतो. बाळूंचा चेंडू हवेत तरंगत येई. तो अमुक ठिकाणी पडेल असे वाटावे तो अलीकडेच टप्पा घेई आणि टप्पा पडताच वळे. हाताची ठेवण फारशी न बदलता ते चेंडूची गती आणि उंची बदलीत. सर्वांत मोठा गुण म्हणजे अचूकता. दिवसभर गोलंदाजी केली तरी त्यांचा टप्पा ढळत नसे. शिवाय त्या काळच्या खेळपट्ट्या उघड्या असत. पावसाने भिजून उन्हाने वाळू लागलेल्या जमिनीवर चेंडू कसा वळेल, हे ज्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने रूळ फिरविला, त्याच्याहून अधिक कोणाला कळणार? मातीची सेवा केली आणि मातीने त्यांना आपले गुपित सांगितले, असेच म्हणावे लागेल.

ही कीर्ती शहरातील हिंदू खेळाडूंच्या कानी गेल्यावाचून राहिली नाही. साहेबांच्या संघाला हरवावे, अशी त्यांची मोठी आकांक्षा होती. ज्याने साहेबांच्याच उत्तम फलंदाजाला रोज चेंडू टाकले, त्याच्याइतका उपयोगी गडी दुसरा कोण असणार? पण हा गडी अस्पृश्य मानला गेलेला. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे, यावर क्लबात मोठा वाद झाला. काही तेलुगू सभासद त्याला घ्यावे या मताचे होते. जुन्या वळणाच्या सभासदांत मात्र दोन तट पडले. एवढा गुणी गोलंदाज दूर ठेवणे हा हिंदूंचा शुद्ध वेडेपणा ठरेल, असे मत ग्रेग यांनीही बोलून दाखविले होते, असे सांगतात. अखेर जिंकण्याची इच्छा रूढीपेक्षा प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात प्रवेश मिळाला.

परंतु हा प्रवेश मैदानाच्या सीमारेषेपुरताच होता. खेळ चालू असताना बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांनी झेलावा, त्यांच्याकडे फेकावा, त्यांनी गडी बाद केला म्हणजे आनंदाने टाळ्या वाजवाव्यात. पण चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाची पंगत निराळी, ताट निराळे. हातपाय धुण्यास पाणी हवे असल्यास ते ओतण्यासाठी त्यांच्याच समाजातील नोकर असे. चामड्याचा चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना विटाळत नव्हता. चहाचा पेला मात्र विटाळत होता! ही विसंगती त्या मैदानावरील किती जणांच्या मनाला टोचली असेल, कोण जाणे. ज्याला ती रोज भोगावी लागत होती, त्याने मात्र आपले उत्तर चेंडूनेच द्यावयाचे ठरविले होते.

ते उत्तर लवकरच साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात ऐकू गेले. पुण्याच्या हिंदू संघाने अनेक सामने जिंकले आणि त्यांत बाळूंचा वाटा फार मोठा होता. साताऱ्याच्या गोऱ्या खेळाडूंशी झालेल्या एका सामन्याची हकीकत विशेष सांगितली जाते. बाळूंच्या फिरकीचा उपयोग होऊ नये म्हणून यजमानांनी आपली खेळपट्टी आठवडाभर रूळ फिरवून कठीण करून ठेवली होती. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. या विजयानंतर त्यांचा जाहीर गौरव झाला. त्या प्रसंगी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संघातील सभासदांना समज दिली, असे सांगतात. ज्याच्याबरोबर आपण खेळतो, त्याच्याबरोबर बसून खाण्यापिण्यासही हरकत नसावी, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे लोकमान्य टिळकांनीही जाहीर सभेत बाळूंचे कौतुक केले, असा उल्लेख आढळतो. समाजसुधारणेविषयी या दोन थोर पुरुषांचे मतभेद सर्वश्रुत आहेत. परंतु बाळूंच्या गुणांपुढे दोघांचीही मान आदराने लवली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला. घरे ओस पडली, माणसे गाव सोडून जाऊ लागली. त्याच काळात पाळवणकर कुटुंब मुंबईस गेले. बाळूंनी तेथे काही काळ लष्करात आणि नंतर मुंबई, बडोदा व मध्य हिंद रेल्वेत नोकरी केली. रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले आणि मुंबईच्या मैदानांवरही त्यांचे नाव झाले. परंतु मुंबईतील हिंदूंचा प्रमुख क्लब म्हणजे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. त्याचे दार बाळूंसाठी उघडावे की नाही, हा जुना प्रश्न येथेही नव्याने उभा राहिला. या वेळी जिमखान्याचे कर्णधार कीर्तीकर यांनी विरोध करणाऱ्या सभासदांची समजूत घातली आणि बाळूंना प्रवेश मिळवून दिला. पुण्याहून मुंबईला आल्याने एक मोठा फरक पडला. येथे बाळू आणि त्यांच्यामागून आलेले शिवराम हे इतर सभासदांच्या पंगतीला बसून जेवू लागले. जे पुण्यात मैदानापुरते मर्यादित होते, ते मुंबईत भोजनगृहापर्यंत पोहोचले. वाट थोडीशीच पुढे सरकली. पण ती सरकली, हे महत्त्वाचे.

१९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. त्यापूर्वी पारशी संघाने युरोपियनांना अनेकदा हरविले होते. हिंदूंची ही पहिलीच मोठी कसोटी होती. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात बाळू आणि बंगळूरचे जलद गोलंदाज इराशा यांच्या माऱ्यापुढे ते १०२ धावांतच गारद झाले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. आदल्याच वर्षी जपानने रशियाला युद्धात नमविले होते, बंगालच्या फाळणीने देश खवळला होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद केवळ खेळापुरता कसा राहणार? मैदानाबाहेरही त्याचे पडसाद उमटले. समाजसुधारणेच्या पुरस्कर्त्या एका इंग्रजी पत्राने तर या विजयाचे निराळेच मर्म दाखविले. सर्व जातींतील गुणवंतांना समान संधी दिली म्हणूनच हा संघ जिंकला, आणि राष्ट्रालाही यशाचा हाच मार्ग आहे, असे त्याने प्रतिपादन केले. मैदान झाडणाऱ्या मुलाने देशापुढे असा एक पाठ ठेवला होता.

१९०७ पासून पारशी, हिंदू आणि युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले, आणि १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी झाले. या सामन्यांच्या दिवसांत मुंबईची मैदाने माणसांनी फुलून जात. जे मैदानात मावत नसत ते झाडांवर चढून खेळ पाहत. हिंदू संघाची मदार वर्षानुवर्षे बाळूंवर होती. त्यांच्या पाठोपाठ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही संघात आले. चार भावांनी एकाच संघाकडून असे नाव गाजविल्याचे उदाहरण आपल्या क्रीडेतिहासात दुर्मिळच. त्यांपैकी गणपत अकाली निवर्तले. विठ्ठल हे मात्र पुढे उत्तम फलंदाज म्हणून नावारूपास आले.

१९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला संमिश्र संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू प्रथमच एका ध्वजाखाली एकत्र खेळले. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे संघाचे कर्णधार होते. पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष. महाराजांचा बराचसा वेळ समारंभांत आणि मेजवान्यांत गेला व थोड्याच सामन्यांत ते संघाबरोबर राहिले. परका देश, थंड व ओली हवा, नवख्या खेळपट्ट्या आणि अनुभवी प्रतिस्पर्धी यांपुढे संघाची दमछाक झाली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ गमावले आणि २ अनिर्णित राहिले.

परंतु या पराभवांच्या मालिकेत एकच नाव सतत झळकत राहिले. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. दर गड्यामागे सरासरी १८.८४ धावा दिल्या. त्यांतील ७५ बळी प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायर या प्रांतिक संघावरील विजयातही त्यांच्या गोलंदाजीचा वाटा सिंहाचा होता. सॉमरसेटविरुद्ध अवघा एक गडी शिल्लक असताना हिंदी संघाने सामना जिंकला, तेव्हा शिवराम ११३ धावा करून नाबाद राहिले होते. बाळू त्या वेळी पस्तिशीत होते. खांद्याचे दुखणे सोसत त्यांनी महिनोन् महिने गोलंदाजीचा भार एकट्याने वाहिला. इंग्लंडचे विख्यात डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी जाणकारांनी त्यांची तुलना केली. याहून मोठा बहुमान त्या काळी हिंदी गोलंदाजाला मिळणे शक्य नव्हते.

मायदेशी परतल्यावर मुंबईत बाळूंचा सत्कार झाला. या सत्कारात दलित समाजातील लोकांनी पुढाकार घेतला होता. ज्यांना शतकानुशतके मान वर करून चालण्याची मुभा नव्हती, त्यांना आपल्यातील एका माणसाचे यश पाहून किती अभिमान वाटला असेल! या प्रसंगी बाळूंना अर्पण केलेले मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या एका विशीतील विद्यार्थ्याने तयार केले होते, असे सांगितले जाते. हाच विद्यार्थी पुढे भारताच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. त्या तरुण मनाला बाळूंच्या पराक्रमातून काही बळ मिळाले असेल, तर त्या ११४ बळींचे मोल धावफलकावरील आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

एवढे सारे झाले. तरीही एक दार बंदच राहिले. संघात बाळूंइतका अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. त्यांनी गडी बाद करावेत, हे सर्वांना मान्य होते. त्यांनी आज्ञा करावी आणि इतरांनी ती पाळावी, हे मात्र अनेकांच्या पचनी पडत नव्हते. हा अन्याय जाणणारी माणसे संघातही होती. कर्णधार म्हणून स्वतःची निवड झाल्यावर झालेल्या सत्कारात एम. डी. पै यांनी मोकळेपणाने कबूल केले, की ज्येष्ठतेने हा मान बाळूंचा होता. असे जाहीरपणे बोलण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

१९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी ही धुमसणारी आग प्रकट झाली. पै आजारी असल्याने मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यासाठी पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले. ते स्वतः गुणी खेळाडू होते, यात शंका नाही. पण ज्येष्ठतेने आणि कामगिरीने विठ्ठल यांचा हक्क आधीचा होता. शिवाय बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. आतापर्यंत पाळवणकर बंधूंनी पुष्कळ सोसले होते. या वेळी मात्र विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली भूमिका लोकांपुढे निर्भीडपणे मांडली. हा आपला वैयक्तिक रुसवा नसून जातीमुळे होणाऱ्या अवमानाचा प्रश्न आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. देशात त्याच सुमारास महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणाचा पुकारा करीत होते; लोकमतही बदलत होते. अनेकांनी या बंधूंची बाजू घेतली. अखेर तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार व बाळू उपकर्णधार झाले आणि दोघे भाऊ संघात परतले. त्या सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. ज्याने आयुष्यभर वाट पाहिली, त्याच्या वाट्याला मुख्य मान आला तो असा घटकाभर. ती घटका अल्प होती; पण ज्या तत्त्वासाठी भांडण झाले ते तत्त्व त्या घटकेत मान्य झाले होते.

तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्या वर्षीचे अजिंक्यपद मिळविले. विजयानंतर प्रेक्षकांनी आपल्या कर्णधाराला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला जाई, त्यांतीलच एकाला आता स्पृश्य म्हणविणाऱ्यांचे खांदे मिळाले. थोरल्या भावाने जमीन नांगरली, धाकट्याने पीक घेतले. विठ्ठल यांनी पुढे आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले, म्हणूनच या बंधूंच्या खडतर वाटचालीची पुष्कळशी माहिती आज आपल्याला मिळते.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या सप्टेंबरात महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले आणि दलितांच्या राजकीय प्रतिनिधित्वाविषयी वाटाघाटी होऊन २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. त्या करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. ज्या शहरात त्यांना मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा लागला होता, त्याच शहरात राष्ट्राच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या कागदावर त्यांची स्वाक्षरी उमटली.

१९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. ज्याने एके काळी गौरव केला, त्याच्याशीच सामना देण्याचा हा प्रसंग. समाजाच्या उद्धाराचा मार्ग कोणता, याविषयी दोघांची मते भिन्न होती. बाबासाहेबांचा भर स्वतंत्र राजकीय सामर्थ्यावर होता. हिंदू समाजातच राहून त्याचे मन पालटावे, असे बाळूंना वाटे. मतदारांनी आपला कौल बाबासाहेबांना दिला. त्यांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. या लढतीकडे पाहताना आपण एवढे ध्यानात ठेवावे, की मार्ग निराळे असले तरी दोघांच्या पाठीशी एकाच दुःखाचा अनुभव होता. बाळू तो मैदानावर मूकपणे सोसत पुढे गेले. बाबासाहेबांनी त्या दुःखाला वाणी दिली आणि पुढे कायद्याचे बळ दिले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. तोवर देश स्वतंत्र झाला होता, राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले होते, आणि त्याच वर्षी अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदाही झाला होता. जातीधर्माच्या नावाने खेळले जाणारे ते जुने सामनेही १९४६ नंतर बंद पडले होते. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा बाळूंचे वय उलटून गेले होते. त्यामुळे कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि तेही सरासरी १५.२१ धावांत, एवढीच त्यांची नोंद ग्रंथांत सापडते. तीन रुपयांवर मैदान झाडणाऱ्या मुलापासून उपकर्णधारापर्यंतचा प्रवास आकड्यांच्या त्या ओळीत मावत नाही.

बाळूंच्या चरित्रातून जिद्दीचा धडा घ्यावा, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खरेच आहे. ज्या कामाला इतरांनी हमाली मानले, त्याची त्यांनी विद्या केली. परंतु हा धडा अर्धाच आहे, आणि केवळ अर्धाच धडा घेऊन आपण थांबू नये. बाळूंनी आपले कर्तव्य पूर्णपणे बजावले होते. उणीव होती ती त्यांच्याभोवतीच्या समाजात. गुणवंताने अपमान गिळून थोर व्हावे, यात त्याचा मोठेपणा आहे. पण त्याला तो गिळावा लागावा, यात समाजाची लाज आहे. दुसऱ्याच्या कष्टांचा लाभ घ्यावयाचा आणि त्याच्याशेजारी बसण्याची वेळ आली की मागे सरावयाचे, ही वृत्ती कायद्याने एका दिवसात जात नाही. ती प्रत्येकाला आपल्या मनातून काढावी लागते.

मैदानावर खेळताना संघातील गड्याकडे आपण चेंडू फेकतो, तेव्हा तो झेलणारा हात कोणाचा, हे पाहत नाही. तो नीट झेलला जावा, एवढेच पाहतो. खेळ संपल्यावर पाण्याचा पेला पुढे करतानाही आपले मन तसेच निर्मळ राहावे. पाळवणकर बाळू यांचे याहून योग्य स्मारक दुसरे नाही.